हणमंतरावांचं पाणी

टाकणखार घरात कशाला लागतो हे आता सांगावं लागतं. आमच्या वेळी लहान मुलांचं तोंड आलं की तो मधात कालवून लावत, म्हणून घरोघरी त्याची पुडी असे. माझ्या घरातली पुडी मात्र कधी टिकली नाही. ती नाहीशी झाली की मी उंदरांवर आळ घेत नसे, सरळ डार्करूमच्या दारावर थाप मारत असे. आतून आवाज येई, “वैनी, दार उगडू नगा. पान्यात फिल्म हाय.”

म्हणजे माझा टाकणखार त्या पाण्यात गेलेला असे.

चिंचवड स्टेशनजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे आम्ही राहत होतो आणि दोन्हींच्या मध्ये डार्करूम. आमचे हे फोटो काढत. मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं रिटचिंग करी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसणं वगैरे. आणि मधलं, फिल्म धुण्याचं काम हणमंतरावांकडं. पाच वर्षं हा माणूस आमच्याकडं होता. त्या पाच वर्षांत मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी माझ्या नणंदांवरही चिडले नाही, आणि मला नणंदा चार आहेत.

ते मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत फिल्म धुण्याच्या खात्यात होते. तो बंद पडला आणि ते कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ठेंगणे, रुंद, नखं औषधांनी कायमची तपकिरी झालेली. सदऱ्याची वरची गुंडी सदा उघडी, कारण गळ्यात सुतळीनं थर्मामीटर अडकवलेला असे आणि तो दिवसातून पन्नासदा बाहेर काढायचा असे. जेवायला बसले तरी तो गळ्यातच. एकदा तो आमटीच्या वाटीत गेला, तर हणमंतरावांनी आमटी किती अंश आहे ते वाचून सांगितलं.

डेव्हलपर हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते ‘पाणी’ म्हणत. आणि पाणी काही एक नव्हतं. टाकणखाराचं पाणी मऊ आणि सावकाश. त्यात धुतलेल्या फिल्मवर पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्याही दिसत आणि काळ्या केसांवरची तेलाची चमकही. धुण्याच्या सोड्याचं पाणी चलाख, ते ढगाळ दिवसाच्या फोटोंसाठी. तिसरं कॉस्टिकचं. ते इतकं कडक की फोटोत नुसतं काळं आणि पांढरं उरे, मधलं सगळं जाई. नकाशांची, छापील कागदांची नक्कल करायला ते ठीक. माणसांच्या फोटोला ते वापरणाऱ्याला हणमंतराव माणसात धरत नसत.

“काजळ आन् चुना,” ते म्हणत. “मानसाच्या तोंडाला काजळ आन् चुना फासायचा तर फोटू कशाला काडायचा? शिमग्यात जावा की.”

पुण्याच्या दुकानांत तयार डेव्हलपरच्या पुड्या मिळत. पाण्यात टाकायची, ढवळायची, झालं. आमच्या यांनी एकदा हौसेनं डझनभर आणल्या. हणमंतरावांनी एक फोडून हुंगली आणि सगळा डझन माझ्या हातात ठेवला. “वैनी, मोरी धुवायला वापरा.”

मग पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइट पाहिजे. सत्तर नाही, सहासष्ट नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी नव्वदीला जाई, म्हणून पुण्याहून लोकलनं भुशात आणि गोणपाटात गुंडाळून बर्फ यायचा. तो बर्फ माझ्या घरातून जाई, माझ्याच मोरीत धुतला जाई, आणि माझ्या पाहुण्यांच्या सरबतात त्यातला खडा कधी पडला नाही. माझे वडील भर मे महिन्यात आले तेव्हा मी वाटीभर मागितला, तर हणमंतराव म्हणाले, “आज धा रोल हाईत, वैनी.” वडील कोमट सरबत प्यायले. त्याच महिन्यात माझ्या धाकटीला ताप भरला, तेव्हा मात्र मी मागायच्या आत त्यांनी अख्खी लादी फोडून आणून दिली आणि डार्करूमला कडी घातली. दोन दिवस काम बंद. गिऱ्हाइकं आमच्या यांच्या अंगावर ओरडत होती आणि हणमंतराव ओट्यावर बसून शांतपणे सांगत होते, पानी नव्वद झालंय, काय करायचं?

दुकानात रोल द्यायला येणाऱ्याची ते उलटतपासणी घेत. ऊन होतं का. किती वाजता काढलात. मागं भिंत होती का झाड. माणूस गोरा का सावळा. एका नवऱ्या मुलाला त्यांनी विचारलं, नवरी किती सावळी हाय? तो रोल घेऊन निघून गेला आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. मी म्हटलं, अहो, असं विचारतात का? तर म्हणाले, “न इचारता कसं ठरवायचं पानी? डाक्टर न तपासता औषीद देतो का?”

त्याच सुमाराला पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. बांधकामावरच्या माणसांना गेटवर दाखवायला फोटोचे पास हवे होते आणि आधीच्या कुणीतरी काढलेले फोटो कारखान्यानं नाकारले होते. ते काम आम्हाला मिळालं. साठ माणसं, भर उन्हात, रापलेले चेहरे आणि डोक्याला पांढरी टोपी किंवा मुंडासं. मजूर खात्याचे साहेब म्हणाले, उद्या पास पाहिजेत, पासाशिवाय कुणाला आत घेणार नाही. हणमंतराव म्हणाले, परवा.

“अहो, गेटवरच्या पहारेकऱ्याला दाखवायचे फोटो,” साहेब म्हणाले. “दिवाणखान्यात लावायचे नाहीत.”

“मग पहारेकऱ्यानं काय वळखायचं? मानूस का टोपी?”

त्यांनी आधीचे पास मागून घेतले आणि टेबलावर मांडले. खरंच, सगळ्यांवर एकेक पांढरी टोपी आणि खाली काळा डाग. साहेब परवावर तयार झाले, पण आमच्या यांना बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोललेच. मग हणमंतरावांनी दोन पाण्यांत फिल्म धुतली. आधी एका पाण्यात नुसती भिजवायची आणि मग दुसऱ्यात, म्हणजे म्हणे टोपी जिथल्या तिथं थांबते आणि चेहरा पुढं येतो. परवा पास गेले. मराठवाड्याकडचा एक माणूस आपला पास हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. “माझ्या गालावरचा तीळ बी दिसायलाय की,” तो म्हणाला. मला एकाही निगेटिव्हवर पेन्सिल टेकवावी लागली नव्हती. हे मी हणमंतरावांना सांगितलं नाही. त्यांचा तोरा आधीच पुष्कळ होता.

इथवर मी सगळं सोसलं असतं. पण त्यांची कात्री मला कधी सोसली नाही.

कोणताही अनोळखी रोल हाती आला की ते आधी अंधारात त्याच्या टोकाचा वीतभर तुकडा कापत, तेवढाच धुऊन उजेडात बघत आणि त्यावरून बाकीच्या रोलला कोणतं पाणी, किती मिनिटं, हे ठरवत. कोल्हापूरला ही रीतच होती. सिनेमाचा कॅमेरावाला शूटिंग संपलं की त्यासाठीच शेवटी थोडी जास्तीची फिल्म फिरवून ठेवी. पण आमच्या गिऱ्हाइकांचे डबा कॅमेऱ्याचे रोल, त्यांत फोटो आठ. तिथं जास्तीचं काही नसतंच. म्हणजे आठ फोटो काढणाऱ्याला आमच्याकडून सात मिळत. आणि नेमका कापलेला आठवाच गिऱ्हाइकाला हवा असे. कुणाचा माळ घालतानाचा, कुणाची गावी परत जाणारी आजी. भांडणं आमच्या यांच्या वाट्याला येत. हणमंतराव आत, दाराला कडी घालून.

माझाही एक गेला. नवरा फोटोग्राफर असला की बायको कुठल्याच फोटोत नसते, कारण कॅमेरा त्याच्या हातात असतो. माझ्या भावाच्या लग्नात एकदाच कुणीतरी यांच्या हातून कॅमेरा घेऊन आम्हा दोघांचा फोटो काढला होता. रोलचा शेवटचा. हणमंतरावांनी तो कापला, धुतला, बघितला आणि म्हणाले, “सोड्याचं पानी, आट मिन्टं.” बाकीचे सात अप्रतिम आले. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक.

कापायचं का सोडत नाही, असं आमच्या यांनी एकदा फार चिडून विचारलं, तेव्हा कारण कळलं. कोल्हापूरला एका दिवशी मालकांना घाई होती. तुकडा कापून बघू नका, सरळ धुवा, असा निरोप आला. हणमंतरावांनी ऐकलं. पाणी कुणीतरी चुकीचं कालवून ठेवलं होतं. दोनशे माणसांनी दिवसभर उन्हात केलेलं काम कोरं निघालं. “एक मानूस दिसंना त्यात,” हणमंतराव म्हणाले. “दोनशेतला एक न्हाई.” त्यानंतर आमच्या यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र काढत राहिले, कारण माझा फोटो त्यात होता.

मग ज्ञानोबा आला. हा कासारवाडीकडचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याची जमीन कारखान्यात गेली होती आणि तो आता त्याच कारखान्यात कामाला होता. पासाचे फोटो आम्ही काढले त्या साठांतलाच एक. फडक्यात गुंडाळलेला रोल त्यानं माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “वहिनी, माजा फोटू ज्यांनी धुतला त्यांच्याच हातात द्या.”

जमिनीची मोजणी चालू असताना एक सर्व्हेअर त्यांच्या पडवीत दोन महिने राहिला होता. त्यानं हौसेनं रोलभर फोटो काढले होते. बहुतेक दगड, खुंट्या, ओढा, आणि एक ज्ञानोबाच्या वडिलांचा, बैलांबरोबर. जाताना त्यानं रोल त्यांना दिला, पुण्याला धुऊन घ्या म्हणाला. वडिलांनी तो पत्र्याच्या डब्यात घालून पत्र्याच्या छपराखाली फळीवर ठेवला आणि विसरले. दोन उन्हाळे गेले. वडील वारले. कागदपत्रं शोधताना आता डबा सापडला होता. त्या माणसाचा दुसरा फोटो जगात नव्हता.

ज्ञानोबाबरोबर त्याची आई आली होती, रखमाबाई. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “बाय, मला त्यांचं तोंड एकडाव बगायचं हाय. माजं डोळं चाल्लं.” पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय, इलाज नाही. तिच्या नजरेत त्या दिवशी मला काही कमी वाटलं नाही. माझ्या मंगळसूत्रातली एक वाटी चेपली होती, ती तिनं लांबून बघून दाखवली.

मी डार्करूमच्या दारात जाऊन उभी राहिले. “हणमंतराव, याला कात्री लावायची नाही.”

“न कापता मी फिल्म धूत न्हाई, वैनी. तुमास्नी ठावं हाय.”

“आठांतला एक त्या माणसाचा आहे. कोणता ते माहीत नाही.”

“आटातला एक. म्हंजे सात डाव दगडच कापला जानार.”

“आणि आठव्या डावाला?”

त्यांनी थर्मामीटर बाहेर काढला, बघितला, आत टाकला. मोकळ्या हवेतला थर्मामीटर. मग म्हणाले, “दोन उनाळं तापलेली फिल्म हाय. आंधळेपनानं धुतली तर धुरकाट हुनार. कापली तर म्हातारा जाईल. दोन म्हयनं द्या मला.”

तुम्हाला वाटेल, दोन महिने काय करायचे होते? सांगते. त्यांनी पुण्याहून त्याच कंपनीचे तीन नवे रोल आणले. तसलाच डबा कॅमेरा कुणाकडून तरी मागून आणला. मग ज्ञानोबाला घेऊन त्या शेतात गेले. तिथं कुंपण पडलं होतं आणि निम्म्या जागेत पाया खणलेला होता, पण ज्ञानोबाला वडील कुठं उभे होते ते माहीत होतं, आणि न्याहारीची वेळ होती हेही आठवत होतं. शेजाऱ्याचे बैल आणून, ज्ञानोबाला वडिलांच्या जागी उभं करून त्यांनी तिन्ही रोल भरले. आणि मग ते तिन्ही रोल एका पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. तापायला. दोन उन्हाळे दोन महिन्यांत व्हायला हवे होते ना.

याला शास्त्राचा काही आधार होता की नाही, देव जाणे. मी दोन महिने त्या डब्याखाली स्वयंपाक केला. हा माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन डब्याला हात लावी आणि सांगे, आज जाळ कमी हाय, वैनी. एकदा मी फोडणी देत असताना त्यांनी मागून हात घालून थर्मामीटर डब्याला टेकवला. लाटणं हातात होतं आणि मी ते वापरलं नाही, याचं श्रेय माझ्या आईच्या शिकवणुकीला आहे.

दर बाजाराच्या दिवशी रखमाबाई येऊन दुकानाच्या पायरीवर बसे. “निगाला का गं फोटू?” मी म्हणे, नाही हो, अजून पाणी तयार नाही. पहिल्या खेपेला ती मला लांबून ओळखून हसली. महिन्यानं तिनं विचारलं, लुगडं हिरवं नेसलीस का निळं? ते तांबडं होतं. सहाव्या खेपेला ज्ञानोबानं तिचा हात धरून आणलं आणि मी समोर उभी असताना ती म्हणाली, “कोन हाय?”

त्या दिवशी माझा तोल गेला. मी डार्करूमचं दार सरळ उघडलं. आत फिल्म होती की नव्हती ते मी बघितलं नाही. मी म्हटलं, “तुमचं पाणी तयार होईपर्यंत ती बाई आंधळी होईल. मग लावा तो फोटो चुलीवर.”

ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. “वैनी, घाई एकडाव केली हुती.”

“ते कोल्हापूर होतं. हे एका बाईचे डोळे आहेत.”

“कोऱ्या फिल्ममदी ती काय बघनार?”

मी दार आपटून आले. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि त्याचाच मला संताप आला होता.

ठरल्या दिवशी त्यांनी तीन तापलेले रोल तीन पाण्यांत धुतले. टाकणखाराच्या पाण्यात सगळं करडं, धुक्यात उभा असल्यासारखा ज्ञानोबा. सोड्याच्या पाण्यात बैल बरे, पण चेहरा जळालेला. तिसऱ्याला त्यांनी दोन्हींच्या मधलं काहीतरी कालवलं, त्यात धुरकटपणा दाबणारं ब्रोमाइड घातलं आणि बर्फ घालून पाणी साठ अंशांवर आणलं. साठ. या माणसानं अडुसष्ट सोडलं हे बघून आमचे हे खुर्चीवर बसले. त्यात ज्ञानोबा स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव आंघोळ करून आत गेले आणि पाऊण तासानं ओली फिल्म दोन बोटांत धरून बाहेर आले. कात्री लावली नव्हती. दगड. खुंटी. ओढा. पुन्हा दगड. आणि सगळ्यात शेवटी एक म्हातारा, मुंडासं बांधलेला, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा. रोलचं ते टोक, जिथं त्यांची कात्री रोज लागत होती. बरोबर तिथं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चार वर्षं ज्याची वाट बघत होते ते बोलायची हीच वेळ होती, पण मी फिल्म वाळत घालायला चिमटा पुढं केला. न कापण्यासाठीच त्यांनी ते दोन महिने मागितले होते.

प्रिंट असा आला की आमचे हे म्हणाले, मी स्टुडिओत दिवे लावून इतका चांगला काढला नसता. सुरकुती न् सुरकुती. सदऱ्याचं विणकाम. ज्ञानोबानं तो बघितला आणि तोंड फिरवलं. मग आईच्या हातात दिला.

रखमाबाईनं तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उजेडाकडं वळली. बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाली, “धूर दिसतोय नुसता.” आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढं म्हणाली, “आसल, चांगलाच आसल.”

मला रडू आलं. मी आत निघाले होते, पण हणमंतराव पुढे होऊन तिच्यासमोर उकिडवे बसले आणि गिऱ्हाइकाला विचारत तसं तिला विचारायला लागले. “आज्जी, उनात दिसतंय का सावलीत? माजा हात दिसतो? बोटं दिसत्यात? ह्ये फडकं?” ती नाही नाही म्हणत होती. मग ते माझ्या चुलीवरचं काळं भांडं घेऊन आले आणि दुकानाच्या बाहेर, चुना दिलेल्या भिंतीपाशी धरलं. ऊन लख्ख होतं.

“भांडं हाय की,” रखमाबाई म्हणाली. “कान मोडलाय त्याचा.”

हणमंतराव भांडं धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं वळले. “काजळ आन् चुना,” ते म्हणाले. “वैनी, कॉस्टिक कुटं हाय?”

जे पाणी त्यांनी आयुष्यभर माणसाच्या तोंडाला लावलं नाही, ते त्या दिवशी त्यांनी कालवलं. त्या सुंदर प्रिंटमधला नुसता चेहरा आणि छाती पुन्हा फोटो काढून काचेच्या प्लेटवर उतरवली, कडक पाण्यात धुतली. नाही पटली. दुसरी केली. चार प्लेटा झाल्या. पहिल्यात डोळेच गेले, दुसऱ्यात मिशी आणि ओठ एक झाले. चौथी घेऊन त्यांनी आमच्याकडच्या मोठ्यात मोठ्या कागदावर प्रिंट काढला. मी तो बघितला. मी रिटचिंग करणारी बाई. असला फोटो कुणी माझ्यापुढं टाकला असता तर मी परत केला असता. काळं मुंडासं, पांढरं कपाळ, काळ्या मिशा, पांढऱ्या सदऱ्यात गळ्याशी एक काळी फट, बस. सुरकुत्या नाहीत, विणकाम नाही, काही नाही.

दुपारी बाराच्या उन्हात तो भिंतीला टेकवला. ज्ञानोबानं आईला समोर आणून उभं केलं. ती इतकी जवळ गेली की नाक कागदाला लागलं. मग एक पाऊल मागं आली. पुन्हा पुढं गेली. तिनं बोट उचललं आणि म्हाताऱ्याच्या गळ्यापाशी टेकवलं.

“बगा,” ती म्हणाली, आणि ती आमच्याशी बोलत नव्हती. “गुंडी उगडीच. सायेब फोटू काडतोय, गुंडी तेवडी लावा म्हनलं व्हतं म्या. ऐकतील तर शपथ. चार मानसात बगा कसं दिसतंय ते. जल्मभर सांगून दमले.”

ती कितीतरी वेळ त्याला रागवत होती.

फोटो घेऊन ते गेल्यावर हणमंतराव पायरीवर बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला. “वैनी,” ते म्हणाले, “दोन म्हयनं मी खाल्लं. त्यो पयला फोटू तिनं बगायला पायजे हुता.”

“कापलं असतं तर दोन्ही नसते,” मी म्हटलं.

“त्ये बी खरंच,” ते म्हणाले. “ह्ये बी खरं.” चहा निवून गेला. त्यात थर्मामीटर घालायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर त्यांनी आमच्या गिऱ्हाइकांचे रोल कापणं सोडलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पुढच्याच आठवड्यात एका इंजिनिअरच्या मुलीचं बारसं कापलं आणि आमच्या यांना दुकान सोडून स्टेशनपर्यंत त्या माणसाच्या मागं समजूत घालत जावं लागलं.

वर्षभरानं कोल्हापूरहून पत्र आलं. तिथं कुणी नवीन स्टुडिओ काढत होतं. आम्ही दोघं त्यांना चिंचवड स्टेशनवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि मी दिलेली टाकणखाराची पुडी, न मागता दिलेली ती एकच. गाडी आली. दारात उभे राहून ते आमच्या यांना पाण्याविषयी सूचना देत होते. अडुसष्ट, बर्फ धुऊन घ्या, तयार पुडी आणू नका. गळ्यातला थर्मामीटर सदऱ्यातून बाहेर येऊन लोंबत होता. गाडी हलली.

मी त्यांना म्हणायचं म्हणून बरंच काही ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते एवढंच, “हणमंतराव, गुंडी लावा.”

त्यांना ऐकू गेलं. ते हसले, हात वर केला, आणि गाडी कासारवाडीच्या बाजूला वळेपर्यंत दारात उभे होते. गुंडी लावली नाही.